"एकानं काय होतंय?" ह्याचं उत्तर माझ्या वहीत आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आमच्या पेठेत एका मंडळानं मोफत मधुमेह तपासणी शिबिर घेतलं. पोरांनी मनापासून राबून मांडव घातला, खुर्च्या मांडल्या. रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. मीही रांगेतल्या म्हाताऱ्या माणसांना बसवायला मदत करत होतो. साडेदहाच्या सुमारास एक आजी बोट टोचून बाहेर आल्या. हातातल्या चिठ्ठीवर फक्त २११ लिहिलेलं. मला म्हणाल्या, "दादा, ह्ये बरं हाय का वाईट?"

मी विचारलं, "आजी, सकाळी खाल्लंय काय?"

"च्या घेटला, आन् सुनेनं पोहं केल्तं."

"किती वाजता?"

"आत्ताच की, निघताना."

यातलं काहीच चिठ्ठीवर नव्हतं. टोचणाऱ्या मुलानं विचारलं नाही, कारण त्याला तसं कुणी सांगितलंच नव्हतं. रक्तातल्या साखरेचा २११ हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पण पोहे खाऊन अर्धा-पाऊण तास झालेला असताना तेवढ्यावर पक्कं काही सांगताही येत नाही. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी साडेसहा किंवा जास्त, असं तपासणीत आलं की डॉक्टर मधुमेह म्हणतात, आणि लक्षणं नसतील तर तेही दुसऱ्यांदा खात्री करून. आजींना मी सोमवारी उपाशीपोटी दवाखान्यात जायला सांगितलं. त्या रांगेतल्या बाकीच्यांना कोण सांगणार, हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही. म्हणून हे पत्र.

मी चौतीस वर्षं मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होतो. आता निवृत्त आहे. गुळाच्या धंद्यात माल डोळ्यांनी पाहतात तसा जिभेनंही पाहतात. सौद्याच्या आधी रवा, म्हणजे गुळाची ढेप, फोडायचा, तुकडा तोंडात टाकायचा, कणी कशी आहे, खारट लागतोय का, पाक जास्त झालाय का, हे बघायचं. हंगामात दिवसाला पंधरा-वीस रवे तरी जिभेखालून जायचे. हे "खाणं" आहे असं मला कधी वाटलंच नाही. ते काम होतं. २०१८ साली पायाला मुंग्या, रात्री चार-चारदा उठणं आणि चष्म्याचा नंबर सारखा बदलणं सुरू झालं तेव्हा तपासलं. एचबीएवनसी ९.४ आली. डॉक्टरांनी विचारलं, "गोड खाता का?" मी प्रामाणिकपणे सांगितलं, "नाही, चहासुद्धा बिनसाखरेचा." दुसऱ्या दिवशी दुकानात दिवसभर तोंडात टाकायचे तुकडे मी आधी काट्यावर ठेवून त्यांचं वजन लिहीत गेलो. संध्याकाळी बेरीज ७० ग्रॅम झाली. काट्यासमोर मी बराच वेळ तसाच उभा राहिलो.

तेव्हा इथंच एक गोष्ट स्पष्ट लिहितो. चौतीस वर्षं माझं घर गुळावर चाललं, मुलीचं लग्न गुळावर झालं, त्यामुळे मी गुळाचा वैरी नाही. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा यार्डात सगळ्यांइतकाच मलाही आनंद झाला. पण "साखर नको, गूळ चालतो, गूळ औषधी असतो" हे जे घरोघरी बोललं जातं, ते मधुमेहाच्या माणसासाठी खरं नाही. गुळात थोडी खनिजं असतात, पण त्याचा मोठा भाग साखरच आहे. मी स्वतः बघितलंय. सकाळी उपाशीपोटी ११२ होती. २० ग्रॅम गूळ खाल्ला, दुसरं काही नाही. तासाभरानं १८९. आठवड्यानं सेंद्रिय म्हणून विकला जाणारा काळपट गूळ तेवढाच घेऊन बघितलं, १८६. माझे जुने व्यापारी मित्र हे वाचून नाराज होतील. तरी लिहिणं भाग आहे.

आता घरी रक्तातली साखर मोजायच्या मशीनबद्दल. मशीन मी पहिल्याच महिन्यात घेतलं. दुकानदारानं डबा दिला, पावती दिली. ते कसं वापरायचं हे सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. डिसेंबरचा महिना, सौदे जोरात. सकाळी अकराला दुकानातच बोट टोचलं. मशीन ३४१ दाखवायला लागलं. मी हादरलो. खिशात गोळीची पट्टी होती, कुणाला न विचारता एक जादा गोळी घेतली. भीतीपोटी दुपारी जेवलोही नाही. तीनच्या सुमारास सौदा पुकारत असताना हाताला कंप सुटला, शर्ट पाठीला चिकटला, समोरच्या रव्यांवरचे आकडे दिसेनात. आमच्या दुकानातला हमाल, त्याच्या आईला शुगर असल्यामुळे त्याला कळलं. त्यानं मला पोत्यावर बसवलं, मशीन शोधून हातात दिलं. ५८. त्यानं शेजारच्या चहावाल्याकडून पाण्यात तीन चमचे साखर विरघळवून आणली. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं तर ८४. मग चटणी-भाकरी खाल्ली तेव्हा कुठं नजर जाग्यावर आली.

संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "टोचायच्या आधी हात धुतले होते?" धुतले नव्हते. दिवसभर गुळात वावरलेलं बोट, त्याच्या कातडीवर गुळाचा अंश, आणि रक्ताचा तो इवलासा थेंब त्यातूनच वर आलेला. मशीननं माझ्या रक्ताबरोबर यार्डातला गूळही मोजला होता. घरी येऊन मी मुद्दाम ताडून बघितलं. एका बोटाला गूळ चोळला, दुसरा हात साबणानं धुऊन कोरडा केला. पाच मिनिटांच्या अंतरानं टोचलं. गुळाच्या बोटाला ३०७, धुतलेल्या बोटाला १३७. एवढ्याशा गोष्टीपायी मी त्या दिवशी बेशुद्ध पडलो असतो. ज्यानं ऊस सोललाय, केळ सोललंय, पेढा हातात धरलाय, त्या प्रत्येकाला हे लागू आहे. नुसतं स्पिरीट लावलेला कापूस फिरवून भागत नाही, साबण-पाणीच लागतं.

मग त्या डॉक्टरांनी दहा मिनिटं देऊन शिकवलं. बोटाच्या मधोमध नाही, कडेला टोचायचं, तिथं दुखतं कमी. बोट जोरात पिळायचं नाही, रक्तात अंगातलं पाणी मिसळतं आणि आकडा चुकतो. हात खाली सोंडेसारखा लोंबत ठेवला की थेंब आपोआप येतो. रक्ताचा थेंब ज्यावर घेऊन मशीनमध्ये मोजतात त्या पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावायचं, दमट हवेनं पट्टी खराब होते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात तर घरातलं मीठसुद्धा पाझरतं. तारीख बघायची. सुई आणि टोचायचं पेन दुसऱ्याला द्यायचं नाही, नवरा-बायकोतसुद्धा नाही, रक्तातून कावीळ पसरते. एवढं सांगायला त्यांना दहा मिनिटं लागली. ती दहा मिनिटं आधी मिळाली असती तर तो डिसेंबर माझ्या वाट्याला आला नसता.

त्यानंतरची खरी शिकवण होती जोडीनं टोचण्याची. नुसती सकाळची उपाशीपोटीची साखर बघून सगळं कळत नाही. जेवणाचा पहिला घास घ्यायच्या आधी एक, आणि त्या घासापासून दोन तासांनी एक. दोन आकड्यांतला फरक म्हणजे त्या ताटाचा हिशोब. मी जन्मभर खतावण्या लिहिलेला माणूस, मला हे लगेच पटलं. शंभर पानी वही घेतली, डाव्या बाजूला ताटात काय होतं ते, उजव्या बाजूला दोन आकडे.

त्या वहीतल्या काही नोंदी देतो. ह्या माझ्या अंगाच्या आहेत, दुसऱ्याच्या अंगाच्या वेगळ्या येतील, म्हणून तर ज्यानं त्यानं स्वतःची वही लिहावी असं माझं म्हणणं आहे.

मिसळ, तीन स्लाइस ब्रेडसकट. ११८ वरून २३६. तीन तासांनीही दोनशेच्या वर, कारण तेलामुळे साखर सावकाश चढते आणि सावकाश उतरते. तीच मिसळ एका स्लाइसवर, फरसाण निम्मं, मोडाची मटकी आणि कांदा जादा मागून घेतला, तर १६८. मिसळ सोडायला लागली नाही.

भाकरी. "भाकरी खा, कितीही खा, काय होत नाही" असं आमच्या घरात थोरले बंधू सांगायचे. शाळूच्या तीन भाकरी आणि पातळ आमटी, १२१ वरून २१४. दीड भाकरी, मटकीची घट्ट उसळ, वर काकडीची कोशिंबीर, आणि आधी कोशिंबीर संपवून मग भाकरीला हात लावला, १५२. जोंधळा चांगलाच, पण तोही पिठूळच आहे. मोजूनच खावा लागतो.

तांबडा-पांढरा. इथं मला सगळ्यात मोठं आश्चर्य वाटलं. दोन वाट्या रस्सा, मटण, कांदा-लिंबू, एक भाकरी, भात नाही. ११५ वरून १४३. रश्शानं साखर चढत नाही, रश्शासाठी म्हणून जो भाताचा डोंगर होतो त्यानं चढते. (तेल आणि मिठाचा हिशोब वेगळा. रक्तदाब असणाऱ्यांनी तो डॉक्टरांबरोबर करावा. मी रस्सा पंधरवड्यातून एकदाच घेतो.)

एकादशी. साबुदाण्याची खिचडी, एक बशी. ११० वरून २६२. माझ्या अख्ख्या वहीतला जेवणाचा हा सगळ्यात मोठा आकडा आहे, आणि तो उपवासाच्या दिवसाचा आहे. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्याला ना कोंडा ना डाळ. गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसानं उपवास करावा की नाही, हे तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवूच नये. आमच्या आईनं शेवटपर्यंत निर्जळी केली आणि दोनदा चक्कर येऊन पडली. तेव्हा आम्हाला वाटलं, वय झालंय.

जेवणानंतर वीस मिनिटं चालणं. तेच ताट, तीच दीड भाकरी, एकदा जेवून खुर्चीत बसलो, एकदा उठून गल्लीतून दोन फेऱ्या मारल्या. १५८ आणि १२९. हे मी पाच वेळा करून बघितलं, पाचही वेळा फरक पडला. रंकाळ्यावर पहाटे चालतो तो वेगळा, त्यानं मन आणि वजन बरं राहतं. पण ताटाची साखर उतरवायची असेल तर जेवल्यावर लगेच चाललेलं मला जास्त लागू पडलं.

आणि पुरणपोळी. होळीला एक पोळी, कटाची आमटी, भात नाही, नंतर चालणं, १७१. दोन पोळ्यांना २५१. पाहुणे आले की आपल्याकडे ताटावर आडवा हात धरला तरी वाढणारा ऐकत नाही. "घ्या की वो, एकानं काय होतंय?" हे त्यांचं प्रेमच असतं. त्यांना दुखवायला मला कधी जमलं नाही. आता मी वही दाखवतो. एकानं काय होतंय आणि दुसऱ्यानं काय होतंय, दोन्ही आकडे त्यात आहेत. आमच्या व्याह्यांनी ते पान बघितलं आणि मला आग्रह न करता पोळीचं ताट पुढं सरकवलं. सौभाग्यवतींनी तर नंतर स्वतःचीही तपासणी करून घेतली. त्यांची उपाशीपोटी ११४ निघाली, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावरची. पहिली दोन वर्षं त्या माझ्यासाठी वेगळं रांधायच्या. आता घरात एकच ताट शिजतं, नातवंडांसकट सगळ्यांना.

थोरल्या बंधूंचं लिहायचं की नाही, हे चार दिवस ठरत नव्हतं. ते दर सहा महिन्यांनी तपासायला जायचे, आणि जायच्या आधी दोन दिवस भात बंद, रात्री अर्धी भाकरी. उपाशीपोटीचा आकडा ११८, १२० यायचा. ते कागद घडी घालून खिशात ठेवायचे, सगळ्यांना दाखवायचे. एचबीएवनसी कुणी लिहून दिली नाही, यांनी मागितली नाही. पायाला गादी लागल्यासारखं वाटायचं, ते सांगितलं नाही. अंगठ्याला चप्पल लागून जखम झाली ती कळलीच नाही, कारण पाय बधिर झाल्यामुळे दुखलीच नाही. अंगठा काढावा लागला. त्या वेळी केलेल्या एचबीएवनसीचा आकडा होता ११.१. घडी घातलेले ते सगळे कागद खोटे नव्हते. ते त्या-त्या सकाळपुरते खरे होते. बंधू आता नाहीत. मी रोज रात्री पाय धुऊन, पुसून, आरसा खाली धरून तळवे बघतो, तेव्हा त्यांची आठवण येते.

माझ्या गोळ्या चालूच आहेत, हेही सांगायला हवं. पथ्य आणि मशीन यांनी गोळी सुटते असा कुणी अर्थ काढू नये. डॉक्टरांनी एक गोळी कमी केली, ती वही बघून त्यांनीच केली. यार्डातला एक ओळखीचा माणूस कुणाच्या तरी चूर्णावर विश्वास ठेवून इन्सुलिन बंद करून बसला, आणि चौथ्या दिवशी त्याला अतिदक्षता विभागात न्यावं लागलं. माझी एचबीएवनसी ९.४ वरून दीड वर्षात ६.७ झाली, आता ६.६ ते ६.९ मध्ये असते. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं प्रोटीन तपासतो.

खर्चाचं बोलल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. ५० पट्ट्यांची डबी मला आठशे-हजाराला पडते. म्हणजे एकदा टोचलं की सोळा ते वीस रुपये. सप्टेंबर २०२५ पासून मशीन आणि पट्ट्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, चांगलंच झालं. तरीही ज्या हमालानं त्या दिवशी मला वाचवलं, त्याच्या आईला दिवसातून दोनदा इन्सुलिन लागतं आणि त्यांच्या घरात महिन्याला दहा पट्ट्या परवडतात. गोळ्यांवर असलेल्या माझ्यासारख्याला रोज टोचायची गरज नाही. मी दोन महिन्यांतून एक आठवडा जोडीनं टोचतो, चौदा पट्ट्यांत भागतं. इन्सुलिनवाल्याचं तसं भागत नाही. साखर न मोजता इन्सुलिन घेणं म्हणजे काय, हे ५८ चा आकडा ज्यानं अंगावर घेतलाय त्याला विचारा.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासात भारतात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचं दिसलं, आणि तेरा कोटींहून जास्त लोक उंबरठ्यावर. सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीच्या पुढच्यांची तपासणी होते, आशाताई घरोघरी फिरतात, त्यांचे कष्ट मी बघतो. माझी मागणी तपासणीच्या पुढची आहे. इन्सुलिन घेणाऱ्या गरीब रुग्णाला इन्सुलिनबरोबर पट्ट्याही सरकारी दवाखान्यातून मिळाव्यात. आणि मशीन विकणाऱ्या प्रत्येक दुकानानं, वाटणाऱ्या प्रत्येक संस्थेनं गिऱ्हाईकाचे हात आधी धुवायला लावून, एकदा त्याच्याच हातानं टोचून घेऊन मगच डबा द्यावा.

मंडळांना आणि तालमींना माझी हात जोडून विनंती आहे. कोल्हापुरात पेठेपेठेत तालीम आहे, पोरं आहेत, खोली आहे, हौस आहे. वर्षातून एकदा दोनशे लोकांची बोटं टोचण्यापेक्षा पेठेतली वीस माणसं निवडा आणि त्यांना वर्षभर सांभाळा. आमच्या तालमीच्या मागच्या खोलीत गेल्या वर्षभरापासून दर रविवारी सकाळी सातला आम्ही आठ जण बसतो. प्रत्येकाची आपापली सुई, आपापली वही. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत, झाकण लावून. एक निवृत्त परिचारिका येतात, पैसे घेत नाहीत. पट्ट्यांसाठी आम्ही प्रत्येकी महिन्याला दोनशे रुपये काढतो, त्यातून हमालाच्या आईसारख्या दोघींना पट्ट्या जातात. आठांतल्या पाच जणांची एचबीएवनसी सातच्या खाली आली आहे. तिघांची नाही आली, त्यातला एक रात्रपाळीचा आहे, त्याचं जेवणाचं वेळापत्रक कसं बसवायचं ते अजून आम्हाला जमलेलं नाही. रात्रपाळीच्या मधुमेहींना ज्याचा उपयोग झाला असा कुणाचा अनुभव असेल तर आपल्या वाचकांनी याच सदरात जरूर कळवावा, मी वाट बघेन.

त्या आजी सोमवारी दवाखान्यात जाऊन आल्या. उपाशीपोटी १३९, एचबीएवनसी ७.२. येत्या रविवारी तालमीत येतो म्हणाल्यात. लिहिता येत नाही त्यांना, पण नातू सातवीत आहे, त्याला वही घेऊन यायला सांगितलंय.

आपला विश्वासू,
एक निवृत्त दिवाणजी, मार्केट यार्ड, कोल्हापूर
(नाव छापू नये ही विनंती)